किती वॅटवर ऐकला?

नवा गायक कानावर पडला, की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "गुरू कोण?" पार्ल्यात विचारतात, "दीनानाथला कधी आहे?" नाशिकला विचारतात, "आपल्याकडचा का?" आणि कशेळीत विचारतात, "किती वॅटवर ऐकला?" पहिले तिघे या चौथ्याला अडाणी समजतात. मला मात्र अलीकडे वाटायला लागलंय, की चौघांत गाण्याबद्दल विचारणारा हा एकटाच आहे. बाकीच्यांची चौकशी गुरूची, तिकिटाची आणि जिल्ह्याची.

कशेळी म्हणजे ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीवरचा पूल उतरलात की लागते ती. पुढे काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा आणि भिवंडी. रस्त्याच्या कडेला गोदामं, गोदामांमागे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, आणि गावाच्या मागे, पुढे, बाजूला, जिथे कुणी जमीन विकली तिथे, आमच्यासारख्यांचे टॉवर. ठाण्यात घर परवडलं नाही म्हणून आम्ही इथे आलो, पण पाहुण्यांना पत्ता सांगताना 'ठाण्याच्या पलीकडेच' असं सांगतो. मुंबईला पाणी नेणारे अजस्र पाइप इथूनच खाडी ओलांडून जातात आणि ते पाहत पाहत आम्ही सोसायटीच्या टँकरची वाट बघतो. अमेरिकेत दुःखाच्या एवढ्या भांडवलावर एखाद्यानं ब्लूजचे चार अल्बम काढले असते. आम्ही ते सोसायटीच्या वार्षिक सभेत खर्च करतो.

या गावात एका पावसाळ्यात जॉन मेयरचा 'कंटिन्युअम' हा अल्बम आला, आणि त्याला कारण माझा भाचा. भाचा गिटार वाजवतो. म्हणजे त्याच्याकडे गिटार आहे आणि त्याच्या खोलीचं दार आतून लागतं. गावाच्या कानाला चांगली सवय लावली पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं. सुशिक्षित माणसाच्या मनानं असं काही घेतलं, की त्याला शेजाऱ्यांवर प्रयोग करावे लागतात. "मामा," तो म्हणाला, "इथल्या लोकांनी ब्लूज ऐकलेलाच नाही." मी म्हटलं, "त्यांनी गायलेला नाही हे तू तपासलंस का?" पण विशीतल्या मुलाला मामाचं बोलणं हे दोन गाण्यांमधली जाहिरात वाटतं.

अल्बमची माहिती थोडक्यात. तो सप्टेंबर २००६ मध्ये बाजारात आला, तेव्हा मेयर अठ्ठावीस वर्षांचा होता. गाणी स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा, स्वतः गिटार वाजवणारा. त्याआधी गोड चेहऱ्याचा आणि गोड गाण्यांचा गायक अशी त्याची ख्याती होती, आणि गिटारवाल्यांच्या जगात एवढ्यावर माणूस बदनाम होतो. मग त्यानं बास वाजवणारा पिनो पॅलाडिनो आणि ड्रमवाला स्टीव्ह जॉर्डन यांना घेऊन तिघांचा बँड काढला, २००५ मध्ये त्यांचा प्रत्यक्ष मैफलींतला अल्बम आणला, आणि त्या संगतीचा रंग घेऊन 'कंटिन्युअम' केला. गाणी बारा, त्यांतलं एक जिमी हेंड्रिक्सचं. त्यात ब्लूज किती, तर साखरभातात लवंग असते तेवढा. काहींना ती दाताखाली आली की धन्य वाटतं, काही जण ती काढून ताटाच्या कडेला ठेवतात, आणि जगभर या अल्बमवर जे वाद झाले ते या दोन पंगतींचे.

आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि दहीहंडीच्या ऑर्डरी यायला अवकाश असतो. कशेळी-काल्हेर पट्ट्यात साउंडवाला माणूस रिकामा सापडायचे वर्षातले दिवस तेवढेच. भाच्यानं ते हेरलं आणि अल्बम घेऊन थेट साउंडच्या गाळ्यावर गेला. गाळ्यात ताडपत्रीखाली बेसच्या पेट्या माणसाच्या उंचीपर्यंत रचलेल्या, वर टॉप, कोपऱ्यात शार्पी लाइट आणि जनरेटर. शेठ खुर्चीत बसून मिक्सरची बटणं ब्रशनं साफ करत होते. पहिलं गाणं सुरू झालं. शेठ शांत. दुसरं झालं. शेठनी ब्रश खाली ठेवला.

"याचा बेस कवा येतंय?"

"आलाय ना, हा काय!"

"यो? यो बेस हाय? आमचेकर मच्छर याच्यापक्षा जास्ती घुमतंय."

भाच्यानं मोठ्या उत्साहानं समजावलं, की पिनो पॅलाडिनो हा जगातला नावाजलेला बासवाला आहे आणि त्याचं मोठेपण कमी वाजवण्यात आहे. स्टीव्ह जॉर्डनचंही तसंच. हाताशी सगळा ड्रमसेट असून हा माणूस चार ठोक्यांत गाणं उभं करतो. शेठनी हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसं तं पुरं घेतंय ना?" पूर्ण पैसे घेऊन कमी वाजवणारा माणूस त्यांच्या धंद्यात जास्तीत जास्त एक हळद टिकतो.

पण शेठ हे पोटातून संगीताचे माणूस. त्यांनी गाणं पुन्हा लावलं, मिक्सरवर दोन बटणं वर नेली, एक खाली आणलं, आणि गाळ्याचं शटर थरथरू लागलं. मग म्हणाले, "आता आयक." आणि खरंच, त्या खाली दबलेल्या सुरांचं एक जाडजूड, सावकाश चालणारं जनावर गाळ्यात शिरलं. भाच्याच्या कानात घालायच्या बोंडांतून ते त्याला आजवर कधी भेटलंच नव्हतं. पॅलाडिनो काय करतो आहे ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, तेही छातीत. त्यानं शिकवायला आणलेला धडा शेठनी त्यालाच वॅटमध्ये करून दाखवला. शेठचं लेखी मत मात्र कायम राहिलं: "रेकॉर्डिंग साफ हाय. पन हलदीला नाय चालनार."

हळदीला चालेल का, ही आमच्याकडची अंतिम कसोटी. आगरी लग्नात लग्न हा दुसऱ्या दिवशीचा उपचार असतो, खरा समारंभ आदल्या रात्रीची हळद. गाणं किती चांगलं, हे त्या रात्री किती लोक जेवण सोडून उठले यावर ठरतं. भिवंडीचे संतोष चौधरी, म्हणजे आपले दादूस, २०२१ मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या घरात गेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला त्यांच्या गळ्यातलं सोनं दिसलं. आमच्या पट्ट्याला त्याआधीपासून त्यांचा गळा माहीत होता. त्या गळ्यानं पहिली हाक दिली, की मांडवातला गुडघेदुखीचा माणूसही उभा राहतो. मेयरचं 'ग्रॅव्हिटी' लावलं तेव्हा गाळ्यातली पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांतला एक जण म्हणाला, "यो गाना उभ्या मानसाला बसवतंय." वर्तमानपत्रात समीक्षा लिहिणाऱ्याला हे एक वाक्य सुचलं असतं, तर त्यानं त्याचे दोन रकाने केले असते.

बेंजो मास्तरांचं मत अधिक तांत्रिक होतं. मास्तर गणपतीत आणि लग्नात बेंजो पार्टी घेऊन जातात. आपला बेंजो म्हणजे अमेरिकन बँजो नव्हे. हा मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून 'ताइशोगोतो' नावाचं वाद्य केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि त्याला वीज जोडल्यावर बेंजो. योगायोग असा, की त्याच १९१२ साली अमेरिकेत डब्ल्यू. सी. हँडी यांचं 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध झालं. म्हणजे बेंजो आणि छापील ब्लूज जवळपास एका वयाचे. एक आमच्याकडे येऊन मिरवणुकीत लागला, दुसरा तिकडे दुःखी राहिला.

मास्तरांनी मेयरचं एक सोलो डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "हा सुरावर बसतच नाही."

भाचा खवळला. मास्तर शांतपणे म्हणाले, "खवळू नको. बेसूर आहे असं मी बोललोच नाही. दोन बटणांच्या मधला सूर लावतोय तो. माझ्याकडे त्याला बटणच नाही." आणि हे शंभर टक्के खरं होतं. ब्लूजची सगळी गंमत कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या गल्लीत आहे. गिटारवाला तार बोटानं ओढून त्या गल्लीत शिरतो, पियानोवाला दोन पट्ट्या एकदम दाबून ती गल्ली असल्याचा भास निर्माण करतो. मास्तरांनी बेंजो काढला, बटणांवरचा हात उचलला, आणि सरळ तारेवरच अंगठा दाबून तो मधला सूर काढून दाखवला. मग बेंजो पेटीत ठेवत म्हणाले, "पण हे लोकांसमोर केलं तर बोलतील, मास्तरांची पट्टी बिघडली." सुरांच्या मधली जागा माहीत असूनही पोटासाठी बटणावर बसणारा माणूस, हे निम्म्या जगाचं चरित्र आहे. त्यावर गाणं करावं इतकं सरळ आहे, पण मास्तरांना संध्याकाळी एका बारशाची सुपारी होती.

टेम्पोवाल्या भाऊंनी अल्बम ऐकला तो अर्थात टेम्पोत. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध. कशेळीहून अंजूरफाट्यापर्यंत जायचं आणि किती गाणी संपतात ते बघायचं. रस्ता मोकळा असेल तर दोन-तीन, नेहमीचा असेल तर अल्बम संपून पुन्हा पहिल्यावर येतो. त्यांचा अभिप्राय: "गाडी उभी असली की बरा वाटतो, चालू झाली की झोप येते. म्हणजे आपल्या रस्त्याला एकदम फिट." जग बदलेल म्हणून वाट बघत बसल्याचं एक गाणं या अल्बमात आहे, 'वेटिंग ऑन द वर्ल्ड टू चेंज'. भाच्यानं त्याचा अर्थ सांगितला तेव्हा भाऊ खळखळून हसले. "याला सकाळी नऊला आपल्या पुलावर आणून उभा करा. दुसरा अल्बम तिथेच लिहील." ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि तिच्या नकाशात कशेळी नावाचं स्टेशन आहे. तेव्हापासून आमच्याकडे वाट पाहण्यालाही खांब आहेत.

भाऊंना मी सांगितलं, की ब्लूजचा सम्राट बी. बी. किंग तरुणपणी मिसिसिपीत ट्रॅक्टर चालवत होता. त्या क्षणापासून भाऊंचं मत बदललं. चालकवर्गातला माणूस म्हटल्यावर त्यांनी ब्लूजला आपल्यात घेतलं. "तरी म्हटलं, आवाजात डिझेल आहे." आता ते माल उतरवायला थांबले, की गोदामाच्या दारात बी. बी. किंग लावतात आणि हमालांना सांगतात, "आपलाच माणूस आहे, लाइनमधला."

रॉबर्ट जॉन्सनची गोष्टही त्यांना आवडली. हा ब्लूजवाला १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी वारला, रेकॉर्ड केलेली गाणी जेमतेम एकोणतीस. त्याच्याबद्दल अशी दंतकथा आहे, की मध्यरात्री चौरस्त्यावर त्यानं सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार वाजवण्याचं कसब मिळवलं. भाऊंनी थोडा विचार केला. "आपल्याकडे नाही जमणार. ठाण्यातून गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी, म्हणून रात्री सगळे ट्रेलर सुटतात. मध्यरात्री अंजूरफाट्याला सैतान उभा राहिला, तर मागचा हॉर्न मारून मारून त्याचाच जीव घेईल."

भिवंडीच्या एका मागवाल्या मिस्त्रींकडे अल्बम कसा पोचला ते मला नीट ठाऊक नाही. आमच्याकडे वस्तू टेम्पोनं जातात, मतं त्याहून लवकर. भिवंडी हे यंत्रमागांचं शहर, आणि मागाच्या खटखटाटात आयुष्य काढलेल्या माणसाला लय शिकवावी लागत नाही, तो ती बंद करायला बघत असतो. 'ग्रॅव्हिटी' ऐकून मिस्त्री म्हणाले, "याचा माग एका अंगानं ओढतो." म्हणजे काय, तर हे गाणं आपल्या सहा मात्रांच्या दादऱ्यासारखं डोलत चालतं, सरळ चारात नाही. धोटा एका बाजूनं जोरात जातो आणि परतताना जरा रेंगाळतो, तशी त्याची चाल आहे, हे त्यांना पहिल्या मिनिटात कळलं. माग असा चालला तर ते लगेच पाना घेऊन बसले असते. गाणं तसं चालतंय म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला.

मिस्त्रींचा आणि ब्लूजचा संबंध दिसतो त्याहून जुना आहे. ब्लूज जन्माला आला तो मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांच्या परिसरात. त्याच अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन मुंबई एकाएकी श्रीमंत झाली. युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला. तिथले गुलाम सुटले, पण त्याच शेतांवर जमीनमालकाला पिकाचा वाटा देणारे कूळ होऊन राहिले, आणि त्यांच्या पोरा-नातवंडांनी गिटारी हातात घेतल्या. बडी गाय हा त्यांतलाच. १९३६ साली लुइझियानात अशाच अर्धेलीनं राबणाऱ्या घरात जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला. तो २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात गायला. पिकातला अर्धा वाटा खोताला देऊन उरलेल्यात वर्ष काढणं आगरी समाजाच्या आजोबांनाही कुणी नव्यानं सांगायला नको होतं. १९३०च्या दशकात अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला तो यावरूनच. तेव्हा 'इथल्या लोकांनी ब्लूज ऐकलेलाच नाही' हे भाच्याचं म्हणणं एवढ्यापुरतंच खरं होतं, की त्याची रेकॉर्ड कुणी काढली नव्हती.

आता टॉवरमधली मतं. टॉवरमध्ये गाणं ऐकण्याआधी त्याची जात ठरवतात. चौदाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मेहबूब स्टुडिओतला महोत्सव प्रत्यक्ष पाहिलेला आहे, आणि ते वाक्य 'मी जेव्हा बडी गायला ऐकत होतो तेव्हा' असं सुरू करतात. त्यानंतर ते वाक्य कुठेही गेलं तरी चालतं. त्यांचा निकाल: "हा ब्लूज नव्हे. पॉप आहे. शुद्ध ब्लूजला बारा मापांचा साचा लागतो." नवव्या मजल्यावरच्या ताईंचं म्हणणं, की हा रॉक आहे आणि ब्लूज हा नुसता मसाला. तिसऱ्या मजल्यावरच्या गायन शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दोन सुरांत मींड आहे, तिसऱ्यात मुरकी आहे, असं सांगून हे सगळं आपल्याकडे आधीच होतं हे सिद्ध केलं. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याकडे आधी होती, फक्त लिफ्टची दुरुस्ती तेवढी नंतर येते.

हा वाद मिटावा म्हणून मी अमेरिकेचं मत सादर केलं. २००७ च्या ग्रॅमीत 'कंटिन्युअम'ला पुरस्कार मिळाला तो पॉप गायनाच्या अल्बमचा. चौदावा मजला विजयी मुद्रेनं हसला. पण याच अल्बमातल्या 'ग्रॅव्हिटी'च्या प्रत्यक्ष मैफलीतल्या गायनाला २००९ साली पुरस्कार मिळाला, तो रॉक गायनाचा. नववा मजला उठून उभा राहिला. म्हणजे खुद्द परीक्षकांनी तेच गाणं स्टुडिओत पॉपमध्ये आणि मांडवात रॉकमध्ये बसवलं. आमच्या तलाठी कार्यालयाबाहेर बसणाऱ्यांना यात काहीच नवल वाटलं नसतं. एकाच जमिनीचे दोन उतारे त्यांनी रोज पाहिलेले असतात.

टॉवरवाल्यांच्या चर्चेची एक खासियत मला तिथे दिसली. दीड तास वाद झाला, त्यात गाणं एकदाही लावलं गेलं नाही. लावायला मी उठलो तर म्हणाले, "थांबा हो, बोलतोय ना आम्ही."

सर्वांत शेवटी अल्बम पोचला धवलारीण आजीपाशी. आगरी लग्नात धवलारीण ही मोठी असामी. ती धवले गाते, देवांना बोलावते, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. वाद्य नाही, माइक नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं धरायची. डीजे आल्यापासून आजीला हळदीच्या रात्री आवाज चढवायला जागा राहिलेली नाही, म्हणून ती आता पहाटे गाते, साउंडवाले वायरी गुंडाळत असताना.

आजी ओटीवर वाल सोलत होती. भाच्यानं मोबाइल तिच्यापुढे ठेवला, आणि शेठच्या गाळ्यात छाती फोडणारं ते गाणं वालाच्या टोपलीशेजारी अगदी बारीक वाजू लागलं. किती वॅट म्हणाल तर मोबाइलचे जेवढे असतील तेवढे.

"यो ररतंय कनाला?" आजीनं पहिला प्रश्न केला.

"रडत नाही आजी, गातोय."

"कोनाची पाठवनी हाय?"

"कुणाची नाही."

आजीला हे पटलं नाही. कारणाशिवाय असा आवाज काढणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. ती वाल सोलत ऐकत राहिली. गाणं अर्ध्यावर आलं, तेव्हा तिनं मान वर केली. "याचे मागून धरनारी कोन हाय?"

"मागून कुणी नाही. एकटाच गातो."

"एकटा कसा? यो बोलतंय नि गप बसतंय. मंग ती तार बोलते. ती बोलली का मंग परत यो. दोगं हान."

भाचा गप्प झाला. गिटार शिकताना त्यानं पैसे भरून क्लास लावला होता, आणि तिथल्या मास्तरांनी त्याला तीन महिन्यांत जे सांगितलं नव्हतं ते आजीनं हातातला वाल खाली न ठेवता सांगितलं. ब्लूजचा पाया हाच. शेतावर एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. देवळात पाद्रीनं म्हणायचं, लोकांनी झेलायचं. पुढे गवई एकटा पडला तेव्हा उत्तर द्यायचं काम त्यानं स्वतःच्याच गिटारीवर सोपवलं. बी. बी. किंग तर गाताना गिटार वाजवायचाच नाही. आधी स्वतः बोलायचा, मग गिटारीला बोलू द्यायचा, आणि त्या गिटारीला त्यानं ल्युसिल असं बाईचं नाव दिलेलं होतं. दोगं हान, हे त्यालाही मान्य होतं. आजीनं पुढे एक टीकाही केली: मागून धरणारीच पुढच्यापेक्षा बरी गाते. 'मेयर गायक बरा, गिटारवाला थोर' असं जगभरचे जाणकार गेली कित्येक वर्षं लांबलचक वाक्यांत लिहीत आले आहेत.

यावर माझं स्वतःचं एक मत झालं आहे. अल्बम ऐकून माणूस मत देतो ते अल्बमबद्दल देतच नाही. साउंडवाला पेट्यांबद्दल बोलतो, मास्तर बटणांबद्दल, भाऊ रस्त्याबद्दल, मिस्त्री धोट्याबद्दल आणि आजी तिच्या मागून ओळ धरणारीबद्दल. पण प्रत्येकानं आपल्या धंद्याच्या दारातून आत जाऊन गाण्यातली एक खरी खोली शोधून काढली. आम्ही टॉवरवाले ज्या दारावर 'ब्लूज', 'पॉप', 'रॉक' अशा पाट्या आहेत तिथे उभे राहून पाटीचं शुद्धलेखन तपासत होतो. आमचा धंदाच तो. दिवसभर आम्ही फाइलींना नावं देतो.

हे मत मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, छान आहे, पण तुला अल्बम आवडला का?" मी म्हटलं, "सातवं गाणं बरं आहे." यापलीकडे मला काही सुचलं नाही, आणि कशेळीत एवढ्या मताला कुणी उभंही करत नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि हळदी पुन्हा सुरू झाल्या. भाचा शेठकडे हट्ट धरून बसला होता, की एकदा तरी 'ग्रॅव्हिटी' मांडवात वाजलंच पाहिजे. शेठनी त्याला आश्वासन दिलं ते आम्ही पुढाऱ्यांच्या हिशेबात धरलं होतं. पण परवा शेजारच्या हळदीत खरोखरच ते वाजलं. दहाला पाच मिनिटं कमी होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि वेळ होत आली की पोलिसांची गाडी येऊन मांडवाच्या तोंडाशी उभी राहते. एरवी तेव्हा मोठी बाचाबाची होते, कारण नाचणारी पोरं थांबत नाहीत आणि शेठना थांबवता येत नाही. त्या रात्री शेठनी गाणं बदललं. पहिल्या सुरावर पोरांचे हात खाली आले. दुसऱ्यावर ती खुर्च्यांत बसली. गिटार बोलू लागली तेव्हा निम्मा मांडव उठून जेवायला गेला, आणि गाडीतले साहेब काच खाली करून म्हणाले, "संपला वाटतं कार्यक्रम," आणि पुढच्या हळदीला निघून गेले.

शेठनी त्यांची पाठ वळलेली पाहिली, मिक्सरवर बोट ठेवलं आणि भाच्याला म्हणाले, "तुझा इंग्लिश दादूस कामाचा हाय. अजून असं दोन-चार हान का?"